चार दिवस, दोन खोल्या

प्रिय दादा,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. हे पत्र मी चार-पाच बैठकांत लिहिते आहे आणि दर बैठकीला हात निराळा चालतो. फोनवर बोलायला गेलं तर तू गाडीत असतोस, नाहीतर मागे छोटीचा अभ्यास चालू असतो, आणि कुणी मधेमधे "हं, बोल, ऐकतोय" म्हणायला लागलं की मी काय सांगत होते तेच विसरते. पत्रात मला थांबता येतं. उठून चहा करून येता येतं. वाचणाऱ्याला कळतही नाही की बाई मधे दोन दिवस गायब होती.

तुम्ही तिघं बरे असाल. इथे जिन्यातला दिवा शेवटी बदलला. खालच्या मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या आता काठी घेऊन जिना चढतात आणि दर पायरीला डॉक्टरचा उद्धार करतात. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी लागत नव्हती, तीही दुरुस्त करून घेतली. घर अगदी आवरलेलं आहे. तू आलास तर ओळखणार नाहीस.

तुला दादा म्हणायची सवय मला भोपूमुळे लागली, हे तुला आठवत नसेल. तो बोलायला लागला तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि त्याचा पहिला शब्द "आई" नव्हता, "दादा" होता. मी सगळ्यांदेखत हसले आणि मोरीत जाऊन रडले. भोपू हे नावही तूच ठेवलंस. तुझे बाबा डेपोत मेकॅनिक, तो त्यांच्या खांद्यावर बसून बसचा हॉर्न हुबेहूब काढायचा, लोक खरंच बाजूला व्हायचे. आता तो तेहतीस वर्षांचा आहे, वजन माझ्या दुपटीला टेकलंय, आणि अजून रस्ता ओलांडताना तसाच आवाज काढतो. काढायचा.

त्या सहलीबद्दल मला आज लिहायचं आहे. तू म्हणशील, तो विषय संपला, आता कशाला उकरतेस. पण तुझ्या लेखी ती सहल होती, दादा. माझ्या लेखी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तू आपण होऊन म्हणालास, "आई, आपण सगळे मिळून त्या मोठ्या पार्कला जाऊ. आतच हॉटेल आहे, चार दिवस राहू." आणि आठवड्याभरात ते रंगीत पुस्तक पोस्टानं आलं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. तळ्याकाठचं चार मनोऱ्यांचं हॉटेल, पाण्याच्या घसरगुंड्या, सगळ्या पार्कभर फिरणारी छोटी आगगाडी, आणि मधल्या पानावर घडी उलगडली की हा एवढा मोठा नकाशा. भोपूला वाचता येत नाही, पण नकाशा त्याला तोंडपाठ झाला. निळा भाग पाण्याचा, हिरवा भाग छोटीचा, आणि काळा भाग ज्यांचं हृदय चांगलं आहे त्यांचा. काळ्या भागात आईनं जायचं नाही, हे त्यानंच ठरवून टाकलं. झोपाळ्याच्या जहाजाला उंचीची अट आहे असं तू त्याला सांगितलंस, तर त्यानं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ मारून दारात येईल त्याची उंची मोजायला सुरुवात केली. पोस्टमन, गॅसवाला, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, कुणी सुटलं नाही. मास्तरीणबाईंना तर तीनदा उभं केलं, कारण अंबाडा धरायचा नाही असा त्याचा नियम होता. अंबाडा सोडून त्या जेमतेम पास झाल्या. त्यांनी जिन्यात सगळ्यांना पेढे वाटल्यासारखी ती बातमी सांगितली.

तूसुद्धा रमला होतास, कबूल कर. दर रविवारी फोनवर तुमचा तासभर जायचा. पहिल्या दिवशी आगगाडी, दुसऱ्या दिवशी पाणी, तिसऱ्या दिवशी जहाज. तो विचारायचा, "दादा, हॉटेलात लाल बादली असते?" कारण लाल बादली नसेल तर तो आंघोळ करत नाही. तू म्हणायचास, "नसली तर आपण रंगवू." त्या सहा महिन्यांत तू जितका बोललास तितका बाबा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत बोलला नव्हतास. मी भाजी चिरत ऐकत बसायचे.

मग खोल्यांचा प्रश्न आला. दोन खोल्या घ्यायच्या, एक तुमची, एक आमची, असं तुझं साधं गणित होतं. मी म्हटलं, भोपू तुमच्या खोलीत झोपेल. तू आधी हसलास, मग म्हणालास, "आई, तो तुझ्याशिवाय झोपत नाही. मग चार दिवसांसाठी हा हट्ट का?" मी सांगितलं की तो घोरतो, मला जरा विश्रांती हवी. सूनबाईंना ते विचित्र वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. पण मी इकडे त्याची तयारीही सुरू केली होती. बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण घालायला लागले. पहिला महिनाभर तो माझ्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसायचा, मी आतून दाराला पाठ लावून बसायचे. हळूहळू जमलं. "दादाच्या खोलीत असंच झोपायचं हं," म्हटलं की उशी कवटाळून आडवा व्हायचा. आठ महिने लागले.

मला त्या पार्कमधलं काही बघायचं नव्हतं. मला चार दिवस पलीकडच्या खोलीत बसून ऐकायचं होतं, तुझं त्याच्याशी जमतं का. गोळी केळ्यात कुस्करून द्यावी लागते. आंघोळीचं तीनदा सांगावं लागतं, चौथ्यांदा सांगितलं तर तो चिडतो. स्वतःचं मनगट चावायला लागला तर हात ओढायचा नाही, पाठीवर तळवा टेकवून नुसतं उभं राहायचं. हे फोनवर शिकवता येत नाही. चार दिवसांत तुझ्या अंगवळणी पडेल आणि परत निघताना तू आपण होऊन काहीतरी म्हणशील, अशी माझी समजूत होती. काय म्हणशील ते मी मनातही पुरतं जुळवलं नव्हतं. नुसती आशा होती.

तू विचारशील, सरळ का नाही सांगितलंस. सांगणार कशी? तू अकरा वर्षांचा होतास, तो सहाचा. मी दातांच्या लॅबमध्ये, बाबा डेपोत, आणि शाळेतून आल्यावर त्याला सांभाळायचं तुझ्याकडे. त्या दिवशी तू मित्रांबरोबर खेळण्यात गुंतलास आणि तो निघून गेला. दोन तासांनी डेपोतल्या एका रिकाम्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर सापडला, मजेत हॉर्न वाजवत बसलेला. आणि मी सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. तू रडला नाहीस. पुढे शाळेची सहल आली तेव्हा तू स्वतःच नाव दिलं नाहीस, म्हणालास, "भोपूजवळ कोण थांबणार?" मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. आज लाज वाटते. एका मुलाचं सगळं बालपण मी दुसऱ्याच्या राखणीला लावलं, आणि तू मोठा होऊन लांबच्या गावी नोकरी धरलीस तेव्हा माझ्या तोंडून चकार शब्द निघाला नाही, कारण मला कारण ठाऊक होतं.

आता हाताचं सांगते. चार वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. तुला माहीत आहे माझं काम कसलं. कवळीचे दात मेणात बसवायचे म्हणजे केसाएवढाही फरक चालत नाही, चेहरा बदलतो माणसाचा. एकतीस वर्षं माझी कवळी कधी परत आली नव्हती. मग एक आली, मग दुसरी, आणि तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतः येऊन सांगितलं की बाई, मी हसलो की नातवंडं घाबरतात. लॅबच्या मालकांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "तुम्ही आता फक्त पॉलिश बघा." वर्षाभरात पॉलिशही जमेना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हा आजार मारत नाही म्हणाले, हळूहळू हातपाय ताब्यातून जातात. मी विचारलं, किती हळूहळू? ते म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं. तुझा पार्कबद्दलचा फोन आला तो याच्या पाचव्या महिन्यात. तेव्हा मला वाटलं, देवानंच बुद्धी दिली तुला.

पुढचं तुला माहीत आहे. तुझी नोकरी बदलली, सहल पुढे गेली. मग तुम्ही इथे आलात तेव्हा छोटीच्या केसांचा प्रकार झाला. त्याला तिची वेणी आवडली, त्यानं धरली आणि सोडली नाही. ती किंचाळली तसा तो जास्तच घाबरला आणि जास्तच घट्ट धरून बसला. सूनबाईंचा मला राग नाही. माझी मुलगी असती तर मीही तिला उचलून गाडीत जाऊन बसले असते. त्यानंतर रविवारचे फोन दहा मिनिटांवर आले आणि सहलीचं नाव निघेनासं झालं.

मग मागच्या सुट्टीत मास्तरीणबाईंनी त्यांच्या मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, मी पाहिलाच असेल. तू, सूनबाई आणि छोटी, मागे ते चार मनोरे, तिघांच्या मनगटावर हॉटेलचे निळे पट्टे. भोपू माझ्या खांद्यावरून बघत होता. मी फोन फिरवायच्या आत त्यानं सगळं ओळखलं होतं, तळं, जहाज, आगगाडी. मला वाटलं, आता वस्तू फेकणार. पण तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दादा आधी जाऊन बघून आला. आता आपल्याला नेणार." त्यानं रागावायला हवं होतं, दादा. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुला तुझ्या लेकीला घेऊन एकदा मोकळेपणी हिंडायचं होतं, एवढंच. ते तुला लहानपणी मिळालं नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी मी त्याची दाढी करत होते. रोजच करायचे. त्याला ते आवडतं, डोळे मिटून मान वर करून बसतो. हात चांगला चालत होता म्हणून मी वस्तरा बदलला नाही, सेफ्टी रेझर आणायचं आज-उद्यावर ढकलत होते. कानाखाली हात घसरला. जखम फार खोल नव्हती, पण रक्त खूप आलं. त्यानं डोळे उघडले, आधी टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. त्यानं मला ढकललं. मुद्दाम नाही, भीतीनं. मी मोरीच्या कठड्यावर आदळले आणि मनगट मोडलं. तुला सांगितलं होतं की ओल्या फरशीवरून घसरले. तो मोरीच्या बाहेर उभा राहून हॉर्न वाजवत होता, मदतीला कुणी यावं म्हणून. मास्तरीणबाई आल्या.

हॉस्पिटलातल्या समाजसेविका बाईंनी एका संस्थेचं नाव दिलं. मोठ्या माणसांसाठी आहे, त्याच्यासारख्या. गावाबाहेर, आवारात झाडं आहेत, शिवणकाम आणि बागकाम शिकवतात, रात्रंदिवस माणसं असतात. मी जाऊन पाहून आले. स्वच्छ आहे. स्वयंपाकघरातसुद्धा डोकावले, सूप ढवळणाऱ्या बाईंनी मला चव घ्यायला दिली. जागा नव्हती, नाव लिहून ठेवलं. एकदा त्याला दाखवायला घेऊन गेले तर तो टॅक्सीतून उतरलाच नाही, पुढच्या सीटला मिठी मारून बसला. दीड तास. तसेच परत आलो. आणि मग सव्वीस दिवसांपूर्वी तिथून फोन आला की एक जागा रिकामी झाली आहे, दोन दिवसांत कळवा, मागे आणखी अकरा जण थांबलेत.

हो दादा. तो घरात नाही. गेले तीन रविवार तू विचारलंस, मी म्हटलं आंघोळीला गेलाय, झोपलाय, मास्तरीणबाईंकडे गेलाय. तू पुढे विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

कसा नेला ते तुला कळायला हवं. मी त्याला म्हटलं, "भोपू, चल, पार्कला जायचं." बस, एवढंच. तो उडालाच. स्वतःची पिशवी स्वतः भरली, पोहायची चड्डी, टोपी, पार्कचं ते रंगीत पुस्तक, आणि लाल बादली हातात वेगळी. टॅक्सीत बसून वाटभर हॉर्न. टॅक्सीवाला हसत होता, म्हणाला, "साहेब, माझ्यापेक्षा तुमचाच हॉर्न चांगला." गेट आलं तसा उडी मारून उतरला. आत कार्यालयात नर्सबाईंनी त्याच्या मनगटावर पट्टा बांधला, नाव आणि फोन नंबर लिहिलेला, सगळ्यांनाच बांधतात. तो निळा होता. मी हे ठरवलेलं नव्हतं, शप्पथ. त्यानं हात वर करून मला दाखवला आणि असा हसला की नर्सबाईही हसल्या. मग म्हणाला, "दादा कुठंय?" मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, "तू तिकीट काढून ये. मी इथे थांबतो." मी हो म्हटलं. पदरानं तोंड पुसायला वळले, गेटबाहेर आले आणि टॅक्सीत बसले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घेऊन आले असते.

घरी येऊन मी जेवले. दुसऱ्या दिवशी आठ वाजेपर्यंत झोपले, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. कुणी हाक मारली नाही, कुणाचं काही सांडलं नाही. मला बरं वाटलं, दादा. हे मी मास्तरीणबाईंना सांगू शकत नाही, डॉक्टरांना सांगू शकत नाही. तुला सांगते, कारण घर सोडून निघालास त्या दिवशी गाडीत बसल्यावर तुलाही तसंच वाटलं असणार. चार दिवस ते बरं वाटणं टिकलं. पाचव्या दिवसापासून मी घर आवरते आहे. एकच कपाट तीनदा आवरलं. हातातून वस्तू पडतात, त्या उचलते, पुन्हा आवरते. संध्याकाळपर्यंत दिवस सरत नाही.

आता हे का लिहिते आहे ते सांगते. गेल्या आठवड्यात संस्थेच्या मुख्य बाईंचा फोन आला. पहिले सहा आठवडे आईनं भेटायला येऊ नये असा त्यांचा नियम आहे, माणूस रुळत नाही म्हणून. त्या म्हणाल्या, तो कुणाला त्रास देत नाही, मारत नाही, रडत नाही. पण सकाळी उठला की पिशवी खांद्याला लावतो आणि गेटजवळच्या बाकावर जाऊन बसतो. जेवायला आत यायला तयार नाही, ताट तिथे न्यावं लागतं. विचारलं तर सांगतो, आई तिकिटाच्या रांगेत आहे. वजन चार किलो उतरलंय. बाई म्हणाल्या, त्याला खरं काय ते घरच्या कुणीतरी सांगायला हवं, आमचं तो ऐकत नाही, आणि तुम्ही आलात तर तो तुमच्याबरोबर निघेल. त्यांचं बरोबर आहे. मी गेले तर त्याला घेऊन येईन, आणि या हातांनी मी त्याला आता सांभाळू शकत नाही. म्हणून तू जा. त्याला घरी ने असं मी म्हणत नाही, ते मी तुझ्याकडे कधीही मागणार नाही, तुझ्या घरात दोघीजणी आहेत. फक्त जा, त्याच्याशेजारी बस आणि सांग की इथे पार्क नाही, आई खोटं बोलली, आता हेच घर. तो तुला मारेल कदाचित. मारू दे. मनगट चावायला लागला तर वर लिहिलंय काय करायचं. आई कधी येणार असं विचारेल, तर सहा आठवडे सांगू नकोस, त्याला आठवडे कळत नाहीत. काय सांगायचं ते तूच बघ, मला इतके दिवस विचार करून सुचलं नाही. रविवारी दहा ते बारा भेटायची वेळ असते. पत्ता मागच्या पानावर आहे, तो मास्तरीणबाईंकडून लिहून घेतला, म्हणजे तुला वाचता येईल.

तुझीच,
आई